उकळी फुटल्यावर ज्योत मोठी कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाणी तापवायला विजेची किटली बरी की गॅस, यावर आपल्या वाचकांची पत्रं काही दिवस वाचतो आहे. मी शेगड्या दुरुस्त करतो. दुरुस्ती झाली की शेगडी नीट चालते का ते बघायला घरातली मंडळी बहुधा पाण्याचंच भांडं पुढे करतात, त्यामुळे दुसऱ्यांच्या ओट्याशी उभं राहून तापतं पाणी बघण्यात माझा बराच वेळ गेला आहे. पत्रांत सगळी चर्चा उपकरणाची चालली आहे. नॉबवरच्या हाताबद्दल कुणी बोलेना, म्हणून हे पत्र.

पाण्याला उकळी फुटली की त्याचं तापमान तिथंच थांबतं. समुद्रसपाटीला ते १०० अंश. पुढे ज्योत कितीही वाढवा, उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून गरम होत नाही. जादा उष्णता वाफ करण्यात जाते. आणि वाफ भलतीच महाग पडते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. त्याच लिटरभर पाण्याची पूर्ण वाफ करायची तर आणखी ५४० लागतील. भांडं खळखळत राहिलं आणि त्यातलं पाव लिटर आटलं, तर तेवढ्यातच १३५ किलोकॅलरी गेल्या. लिटरभराला उकळी आणायला लागल्या त्याच्या जवळजवळ दुप्पट! काही शिजवायचं असेल तरी मंद आचेवरची बारीक उकळी आणि मोठ्या ज्योतीवरचा खळखळाट, दोन्हींचं तापमान एकच. गिऱ्हाइकांना हे पटतं, मान डोलावतात. मी हत्यारं पिशवीत भरेपर्यंत नॉब पुन्हा पूर्ण उघडलेला असतो.

पिण्याचं पाणी उकळणारे तर ते वीस-वीस मिनिटं उकळत ठेवतात. रोगजंतू १०० अंशांच्या बऱ्याच आधीपासून मरू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाण्याला खळखळून उकळी आली की काम झालं. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था त्यावर एक मिनिट धरायला सांगते, आणि २००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. याहून जास्त उकळून पाणी अधिक शुद्ध होत नाही. त्यात क्षार किंवा रसायनं असतील तर पाणी आटल्यावर त्यांचं प्रमाण उलट वाढतं.

झाकणाचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ते फळीवरच राहतं. लोकांना वाटतं, झाकण उकळी आल्यानंतरसाठी. खरं तर ते पहिल्यापासून हवं. पाणी उकळायच्या बरंच आधी वाफाळू लागतं आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते.

किटलीवाल्यांनाही एक सांगतो. लिटरभर पाणी उकळायला किटलीला साधारण एक दशांश युनिट वीज लागते. कपभर हवं असताना किटली गळ्यापर्यंत भरली, तर उरलेलं पाणी ओट्यावर निवत बसतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागतं. कपानं मोजून पाणी घाला, फक्त आतल्या किमान खुणेखाली जाऊ देऊ नका. आणखी एक. बहुतेक किटल्या वाफेच्या इशाऱ्यावर बंद होतात. आतल्या धातूच्या पट्टीला वाफ लागली की ती वाकते आणि बटण पडतं. झाकण उघडं राहिलं तर वाफ त्या पट्टीपर्यंत पोचतच नाही, आणि किटली उकळतच राहते.

‘किटली गॅसपेक्षा काटकसरीची’ हेही सरसकट म्हणता येणार नाही. घरापुरतं पाहिलं तर किटलीतली बहुतेक सगळी उष्णता पाण्यातच जाते आणि गॅसची बरीचशी भांड्याच्या कडेनं निसटते, हे कबूल. पण वीज कोळशाची असेल, तर तिकडे वीजकेंद्रातच जळणाच्या साधारण एक तृतीयांश उष्णतेची वीज होते, बाकीची वाया. मग गॅस फारसा मागे राहत नाही. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर किटली निःसंशय पुढे.

आता माझ्या धंद्याचं. ज्योत भांड्याच्या बुडाखालीच राहिली पाहिजे. बाहेर येऊन कडेला चाटू लागली की गॅस हवा तापवतो. लहान भांडं लहान बर्नरवर ठेवा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. भांड्याला काजळी धरते ती त्यामुळे, आणि खोली बंद असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही असतो. बऱ्याचदा बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं काहीतरी जळून बसलेलं असतं. शेगडी निवल्यावर बर्नर काढून ब्रशनं घासला, धुऊन पूर्ण कोरडा केला की काम भागतं, त्यासाठी मला बोलावू नका. जेटला, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून गॅस सुटतो त्या भागाला, मात्र हात लावू नका. टाचणी किंवा तार घालून जेट साफ करण्याची हौस अनेकांना असते. ते भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो, हवा तेवढीच राहते, आणि आधी फक्त कमी जळणारी शेगडी आता पिवळी जळू लागते. असा जेट दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

आपला,
एक शेगडी दुरुस्त करणारा वाचक