बोट हलवण्याआधी विमा कंपनीला कळवा

महोदय,

रामटेककडच्या एका जलाशयावर माझ्या दोन फायबरच्या बोटी पर्यटकांसाठी चालतात. मोठी चौदा फुटांची, पंचवीस हॉर्सपॉवरच्या मशीनची. गेल्या वर्षी मे महिन्यात तिचं नुकसान झालं आणि विम्याचा एक रुपयाही मिळाला नाही. निम्मी चूक माझीच होती. ती दुसऱ्या कुणा बोटवाल्याच्या हातून होऊ नये म्हणून लिहितो आहे.

एप्रिल लागला की आमच्याकडे पाणी झपाट्यानं मागे सरतं, दगड उघडे पडतात आणि बोटीचा तळ घासायला लागतो. म्हणून दरवर्षी बोट बाहेर काढावीच लागते. पूर्वी काठावर मोहाच्या झाडाखाली उलटी करून ठेवायचो. एक राखणदार असायचा, तो काम सोडून गेला. त्यात काठावरून पेट्रोलचे कॅन चोरीला गेले. मग हायड्रा क्रेन बोलावली, बोट आयशर ट्रकवर चढवली आणि नागपूरजवळच्या वाडी गावी मेहुण्याच्या गोडाऊनमध्ये नेऊन ठेवली. मशीन काढून घरी आणलं. बोट आता जास्त सुरक्षित आहे, अशीच माझी समजूत होती.

दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं. गोडाऊनचा एक लोखंडी अँगल टिनांसकट बोटीवर आला. उजव्या बाजूला हात आत जाईल एवढं भगदाड पडलं, पुढची बैठक मोडली. दुरुस्तीचा अंदाज 1 लाख 38 हजार. नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले, माणूस सज्जन होता. फोटो काढले, बोटीवरचा नंबर पॉलिसीशी ताडून पाहिला आणि मग पॉलिसीच्या परिशिष्टातल्या एका ओळीवर पेन टेकवलं. बोट ठेवण्याच्या ठिकाणाची ती ओळ. तिथे जलाशयाचं नाव आणि तालुका रामटेक. “यात वाडी कुठे आहे?” एवढंच त्यांनी विचारलं. ती पॉलिसी माझ्या कपाटात चार वर्षं होती. ती ओळ मी कधी वाचली नव्हती.

दावा नाकारल्याच्या पत्रात सागरी विमा कायदा, 1963 च्या कलम 35 चा हवाला होता. पॉलिसीत वॉरंटी म्हणून, म्हणजे विमाधारकाची हमी म्हणून, घातलेली अट तंतोतंत पाळलीच पाहिजे, मग ती जोखमीच्या दृष्टीनं महत्त्वाची असो वा नसो, असं ते कलम सांगतं. आपला हा कायदा इंग्लंडच्या 1906 च्या कायद्यावर बेतलेला आहे. त्या इंग्लंडनं 2015 मध्ये नवा कायदा करून हा जाच सैल केला. जी अट मोडली तिच्यामुळे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची जोखीम वाढूच शकत नव्हती, हे विमाधारकानं दाखवलं, तर तिथली कंपनी त्या अटीकडे बोट दाखवून पैसे अडवू शकत नाही. आपल्याकडे मात्र साठ वर्षांपूर्वीचंच कलम चालू आहे. ते बदललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर मी पॉलिसी ओळ न ओळ वाचली. हे सगळे नियम समुद्रातल्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. आमची विदर्भातली बोट वर्षातले कित्येक महिने जमिनीवर असते. बोट बंद ठेवण्याचे महिने आधी कळवले तर हप्त्यात सूट मिळते, पण त्याच महिन्यांत ती पाण्यात उतरवली तर संरक्षण धोक्यात येतं. मशीन बोटीला नुसतं बोल्टनं कसलेलं असेल तर चोरीचा दावा अडतो. त्याला वेगळं कुलूप लागतं. आणि रस्त्यावरचा प्रवास, हायड्रानं चढवणं-उतरवणं यात बोटीला काही झालं तर ते धरलं आहे की नाही, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं. मी वाडीपर्यंत बोट नेली तेव्हा यातलं काहीच विचारलं नव्हतं. एखादा पट्टा तुटला असता तर काय झालं असतं, या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

विमा कंपन्यांना माझी विनंती आहे. नूतनीकरणाच्या वेळी एजंटनं एक प्रश्न तोंडानं विचारावा: उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बोट कुठे असते? उत्तर पहिल्या पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावं. आणि आणीबाणीत फोनवर दिलेली सूचना ग्राह्य धरावी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी कुणी बोट मागितली तर मालकानं आधी पॉलिसीचं परिशिष्ट उघडून बसायचं का?

माझी तक्रार आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे आहे. नागपूर त्यांच्याच कक्षेत येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, आणि कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत लोकपालांकडे जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही. ही वाट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते.

यंदा मार्चमध्येच मी वाडीच्या गोडाऊनचा पत्ता, तारखा आणि फोटो कंपनीला ईमेलनं पाठवले. चार दिवसांत पॉलिसीतल्या बदलाचा कागद आला, 640 रुपये जादा भरावे लागले. दिवाळीनंतर धाकटी बोट गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात न्यायचा विचार आहे. पॉलिसीत तिच्यापुढेही रामटेकचाच जलाशय लिहिलेला आहे, म्हणून त्याचा ईमेल आज सकाळीच पाठवला. उत्तर येईपर्यंत बोट जागची हलणार नाही.

– एक बोटमालक, कामठी रोड, नागपूर