थर्मासवाल्या काकांना

काका,

आधी कबुली देतो. तुमचा थर्मास अजून माझ्याकडेच आहे. "वाटेत ठणका परतला तर लागेल" म्हणत तुम्ही तो माझ्या मित्राच्या काखेत कोंबलात आणि आम्ही नावही न विचारता निघालो. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. कुणाच्या तरी मार्फत पोचेल.

त्या रात्री अमावास्येचं उधाण होतं, पाणी चढत होतं, आणि दोन-तीनदा गळाने मासे गरवून आलेल्या माणसाच्या अंगात जेवढी मस्ती असते तेवढी माझ्या अंगात होती. पहिलाच मासा लागला तो शिंगाळा. मिशांवरून मित्राने ओळखला आणि "थांब" म्हणाला, पण तोवर मी गरी, म्हणजे गळाचा आकडा, सोडवायला हात घातला होता. पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन असे तीन विषारी काटे तो ताठ करून धरतो, मेल्यावरही ते तितकेच वाईट, हे सगळं मला पाठ होतं. अंधारात, ओल्या हाताने, त्यातलं काही आठवलं नाही. काटा अंगठ्याच्या बुडात गेला. कळ मनगटातून खांद्यापर्यंत चढली आणि मी वाळूत बसकण मारली.

आता तुमच्या आधी आलेल्यांबद्दल. आमच्यापासून पन्नास पावलांवर पाच-सहा जण बसले होते. महागडे रॉड, समुद्रावर दिवस उगवल्यासारखे दिवे. मित्र धावत त्यांच्याकडे गेला. पहिला प्रश्न आला, "केवढा होता?" मासा! एकाने शिंगाळा कसा धरायचा यावर व्याख्यान दिलं, जे मला दहा मिनिटं आधी उपयोगी पडलं असतं. दुसऱ्याने विष वर चढू नये म्हणून माझं मनगट रुमालाने आवळलं. तिसरा चाकू उघडून "चीर देऊ का?" विचारत होता, चौथा मोबाइलवर शूटिंग करत होता. तेवढ्यात त्यांच्यातल्या कुणाच्या तरी रॉडची घंटा वाजली आणि सगळे तिकडे पळाले. चाकूवालासुद्धा, हे एक नशीबच.

मग तुम्ही आलात. बॅटरीचा झोत माझ्या डोळ्यांवर न मारता वाळूकडे धरून. "कुठे टोचलं?" एवढंच विचारलंत. रुमाल सोडलात, सूज यायच्या आत बोटातली अंगठी काढायला लावलीत, आमिषाची बादली खळखळून धुतलीत आणि रात्रभरासाठी आणलेलं गरम पाणी तीत ओतलंत. त्यात समुद्राचं थोडं.

यापुढचं मला आयुष्यभर पुरेल. बादलीत आधी तुमचा हात गेला. थोडं थांबून म्हणालात, "घाला आता." मी हात घातला, तरी तुम्ही तुमचा बाहेर काढला नाहीत. "दुखऱ्या हाताला ठणकतंय की पोळतंय हे कळत नाही. माझा असू दे सोबत." पाणी निवलं की तुम्ही दुसऱ्या हाताने थर्मास कलंडवायचात, माझ्या हाताला आडोसा धरून, आणि नवं पाणी आधी तुमच्या बोटांवरून यायचं.

मधेच तुमच्या रॉडची घंटा वाजली. मी म्हटलं, "काका, तुमचा रॉड." तुम्ही मान वळवून पाहिलंत. टोक वाकलेलं माझ्या मित्रालाही दिसत होतं. "वाजू दे," म्हणालात. आणखी एकदा वाजली, चांगली लांब, रीलमधून तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सुटल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. तुमचा हात पाण्यातच.

अर्ध्या तासात कळ खांद्यावरून कोपराला, कोपरावरून मनगटाला उतरली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. पाणी ४५ अंशांच्या आसपास, सोसेल इतपतच गरम, आणि हात त्यात ३० ते ९० मिनिटं. बांधणं आणि चिरणं, दोन्ही चूक. आत राहिलेलं काट्याचं टोक त्यांनी काढलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

तुम्ही एकदाही "घाबरू नका" म्हणाला नाहीत, याचा मी नंतर खूप विचार केला. काही माणसं अशीच असतात. बसमध्ये न सांगता सरकून जागा करणारी, मोटारसायकलचा स्टँड खाली राहिलाय म्हणून शंभर फुटांवरून ओरडणारी, आणि आपण आभार मानायला वळेपर्यंत आपल्या वाटेला लागलेली. त्यांचे आभार कायम उधारच राहतात. माझा मित्र म्हणतो, हे पत्रसुद्धा मी तुमच्यापेक्षा माझ्यासाठीच लिहितोय. असेल.

थर्मासच्या झाकणातली रबराची चकती सैल झाली होती, ती बदलली आहे. आम्ही गरवायला जातो तेव्हा गरम पाणी भरून तो सोबत असतो, आणि गरी आता पकडीनेच काढतो. भेटलात तर तुमची वस्तू तुमच्या हाती देईन. फक्त एक सांगा, त्या रात्री आम्ही गेल्यावर तुम्ही तंगूस गुंडाळलंत, तेव्हा टोकाला काही होतं का?