शीतगृहाचं रजिस्टर एआयला जोडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एआय जोडा, कारकुनाचा खर्च वाचवा’ अशा अर्थाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मी तो कारकून. तासगावच्या एका बेदाणा शीतगृहात २१ वर्षं आवक-जावक लिहितोय. हे जोडकाम गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे झालं. पगार अजून चालू आहे.

आमच्या साठ्याची नोंद क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या संगणकांवर असते. लॉट नंबर, १५ किलोचे बॉक्स किती, भाडं किती थकलं आणि कुणाच्या पावतीवर बँकेचं तारण आहे, सगळं तिथं. मालकांच्या पुतण्यानं त्यावर एक छोटा सर्व्हर (मागितलेली नोंद काढून देणारा प्रोग्राम) लिहून कचेरीतल्या संगणकावरच्या क्लॉड डेस्कटॉप या एआयला जोडला. या जोडणीची पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४मध्ये सगळ्यांना खुली केली. आता ‘मणेराजुरीच्या अमक्या तात्यांचे किती बॉक्स उरले?’ असं मराठीत विचारलं की आकडा येतो. सोय आहे, नाही म्हणत नाही.

घोळ झाला कुलपाचा. पुतण्यानं आधी फक्त आमच्या कचेरीच्या आयपी पत्त्यालाच (इंटरनेटवरची कचेरीची ओळख सांगणारा आकडा) सर्व्हर उघडेल असं केलं. जोडणी होईना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. क्लॉड आमच्या टेबलावर असला, तरी कनेक्टर म्हणून, म्हणजे इंटरनेटवरून जोडलेल्या सर्व्हरला हाक येते ती अँथ्रॉपिकच्या क्लाउडमधून, आमच्या संगणकावरून नव्हे. (सर्व्हर त्याच संगणकावर चालत असेल तर गोष्ट वेगळी.) वैतागून त्यानं ती अटच काढली. लॉगिन नंतर लावू म्हणाला. चार दिवस दार सताड उघडं! पत्ता ठाऊक असणाऱ्या कुणालाही सगळं वाचता आलं असतं. कुणी डोकावलं नाही, असं नोंदींवरून तरी दिसतं.

बेदाण्यात कसलं आलंय गुपित, असं कुणाला वाटेल. ज्याचा माल तारण आहे आणि ज्याला कर्ज फेडायची घाई आहे, तो पडेल भावाला हो म्हणतो. अशांची यादी घेऊन व्यापारी सौद्याला बसला तर काय होईल, हे तासगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता ओऑथ पद्धतीचं लॉगिन आहे, ओळख पटल्याशिवाय सर्व्हर उघडत नाही. शिवाय पोरानं हौसेनं ‘बॉक्स सोडा’ असंही एक साधन सर्व्हरवर ठेवलं होतं, ते मी भांडून काढायला लावलं. एआयनं रजिस्टर वाचावं. गेटपास माझ्या सहीनंच निघेल. म्हातारा आडमुठा आहे, असं पोरं म्हणतात, म्हणू देत.

आपल्या लेखात जोडणीच्या आठ पायऱ्या होत्या, कुलपाची एकही नव्हती. पुढच्या पुरवणीत तेवढी छापावी, ही विनंती.

आपला,
एक शीतगृह कारकून, तासगाव (जि. सांगली)