मिस्त्रीकाका, दोष आमच्या ड्रायव्हरचा नव्हता

ती. काकांना सा. न.

त्या शनिवारी तुमच्या गॅरेजातून निघताना मी धड आभारही मानले नाहीत. संध्याकाळी सुदामा नगरात मुंजीचं जेवण पोचवायचं होतं, डोकं तिकडेच होतं. म्हणून आज लिहायला बसले. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण इंदुरात माल वाहणाऱ्या पिकअप पुष्कळ आहेत आणि मी केली तीच चूक करणारे मालकही असतील.

आमच्या केटरिंगच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आठ महिन्यांत दोनदा बदलले होते. दोन्ही वेळा डाव्या चाकाचा आतला पॅड पार संपलेला. आधीच्या गॅरेजात सांगितलं, ‘ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो.’ मी ते खरं मानलं. अकरा वर्षं आमच्याकडे असलेल्या माणसाला मी आईसमोर, वाढप्यांसमोर वाट्टेल ते बोलले. तो एवढंच म्हणाला, ‘दीदी, पाय ठेवला असता तर दोन्ही चाकांचे पॅड झिजले असते ना.’ तेही मी ऐकून घेतलं नाही.

मग ओंकारेश्वरची ऑर्डर आली. पातेली, शेगड्या, भरलेले सिलिंडर, मागे चार माणसं, केबिनमध्ये आई. भेरूघाट उतरताना जळका वास यायला लागला आणि ब्रेकवर पाय नसतानाही गाडी डावीकडे ओढ घेऊ लागली. ड्रायव्हरने खालच्या गिअरमध्ये हळूहळू गाडी कडेला घेतली. डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. उजवं नुसतं कोमट. तासभर थांबून, रिकाम्या रस्त्याची वाट बघत आम्ही घाट उतरलो. आई सारखी नर्मदेचं नाव घेत होती.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो. आई काहीतरी पुटपुटली तेव्हा तुम्ही जॅक लावता लावता विचारलंत, ‘रामबागेतल्या का तुम्ही?’ तिथून सगळं मराठीतच झालं, आणि म्हणूनच मला ते नीट कळलं.

तुम्ही आधी काहीच खोललं नाहीत. दोन्ही चाकं हाताने फिरवलीत. उजवं दोन फेऱ्या फिरलं, डावं अर्ध्यातच थांबलं. मग ब्रेक ऑइल सोडायची निपल जरा सैल केलीत. ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून बंद झाला असेल तर दाब तिथे अडकून राहतो आणि निपल सोडली की चाक मोकळं होतं, असं सांगितलंत. चाक तसंच जड राहिलं. मग चारही पॅड काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेत आणि जाडी मोजायला व्हर्नियर लावलात. उजवीकडचे दोन्ही सहा-सहा मिलिमीटर. डावीकडचा बाहेरचा सात. आतला वरच्या टोकाला पाच आणि खालच्या टोकाला दोन, पाचर तासावी तसा तिरपा. ‘हा पॅड बघा, खालीच अडकलंय,’ तुम्ही म्हणालात.

मला तो कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, हातात धरून दाखवलात त्याबद्दल खास आभार. पिस्टन आतल्या बाजूला एकच असतो. तो आतला पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड नीट येत नाही, आतला मागे हटत नाही, आणि एकच पिन अडकली की कॅलिपर तिरका होतो. सी-क्लॅम्पने दाबल्यावर पिस्टन लोण्यासारखा आत गेला, म्हणजे तो ठीक होता. वरची पिन बोटाने सरकली. खालची पान्याने पिळूनच निघाली. तिच्यावरचं रबर फाटलेलं, आत पावसाचं पाणी आणि गंज. वर कोणीतरी साधं चाकाचं ग्रीस भरलं होतं. त्या ग्रीसने रबर फुगतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि पॅडचे कान बसतात त्या खाचांतही गंज होता, पॅड ठोकून बसवलेले होते.

दोनदा पॅड बदलले गेले आणि पिनकडे कोणी बघितलंच नाही. याचा मला अजूनही राग येतो.

तुम्ही कॅलिपर नवा घ्यायला लावू शकला असता. मी घेतलाही असता. त्याऐवजी नव्या पिना आणि रबरं घातलीत, भोकं साफ केलीत, सिलिकॉनचं ग्रीस लावलंत, खाचा तारेच्या ब्रशने घासल्यात. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या कमीत कमी मापाशी ताडून ती तशीच ठेवलीत. पॅड मात्र दोन्ही चाकांना नवे, कारण एकाच बाजूला नवे घातले तर गाडी पुन्हा ओढते. मागचे ड्रमचे ब्रेकही सैल होते, ते आवळलेत. मागचे काम करत नसतील तर सगळा भार पुढच्यांवर येतो. काळपट झालेलं ब्रेक ऑइल बदललंत. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर साठचा वेग हळूच वीसवर आणायला लावलात, पुनःपुन्हा, एकदाही जोराचा ब्रेक नाही. परत आल्यावर दोन्ही रिमांजवळ तळवा धरलात. दोन्ही सारखीच कोमट होती.

त्या रात्री मुंजीची भांडी उतरवून झाल्यावर मी ड्रायव्हरची माफी मागितली. आईसमोर आणि वाढप्यांसमोर, कारण बोलले होते त्यांच्यासमोरच. तो खाली बघत राहिला, मग म्हणाला, ‘काकांनी तो पॅड मला दिलाय.’ तो तिरपा पॅड त्याने घरी नेला, बायकोला दाखवला.

परवा पुन्हा ओंकारेश्वरला जाऊन आलो. भेरूघाटात आईला डुलकी लागली होती. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पावसाळा संपला की पिना बघायला गाडी घेऊन येतोच आहोत. डबा आणते, त्यात तुम्हाला आवडतात त्या कटाच्या आमटीबरोबर पुरणपोळ्या.

तुमची,
केटरिंगवाल्या आजींची लेक