एच-१बीवर नोकरी बदलण्याच्या सशुल्क मार्गदर्शिकेतील चुकांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मार्गदर्शिकेतील चुकीच्या सूचना, दुरुस्ती व शुल्क परताव्याची मागणी

महोदय/महोदया,

एच-१बी व्हिसावर अमेरिकेत काम करणाऱ्यांना नोकरी बदलताना उपयोगी पडावी म्हणून आपण विकत असलेली मराठी मार्गदर्शिका मी घेतली आहे. तिच्यातील काही सूचना तशाच पाळल्या तर माणसाचा तिथला कायदेशीर मुक्काम धोक्यात येतो, म्हणून ही तक्रार लेखी करत आहे.

सर्वांत घातक सूचना ही: "एलसीए मंजूर होताच नव्या कंपनीत रुजू व्हा." एलसीए हे पगार आणि कामाच्या ठिकाणाबाबत अमेरिकी कामगार खात्याकडून घ्यायचे प्रमाणपत्र आहे आणि त्याला साधारण ७ कामकाजाचे दिवस लागतात. ते मिळाल्यावर नवी कंपनी यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, कर्मचाऱ्यासाठी आय-१२९ अर्ज करते. मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करण्याची सवलत २००० सालच्या कायद्याने दिली आहे, पण ती हा अर्ज दाखल झाल्यानंतरच लागू होते. नुसत्या एलसीएवर रुजू होणे म्हणजे विनापरवाना काम. राजीनामा द्यायचा तो हा अर्ज पोचल्याची आय-७९७सी पावती हातात आल्यावर. पदवी आणि नवे काम यांचा मेळ सैल असेल तर जादा शुल्काची जलद प्रक्रिया, म्हणजे प्रीमियम प्रोसेसिंग, करून मंजुरीपर्यंत थांबावे; त्यात १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय तरी येतो किंवा आणखी पुरावे मागणारी नोटीस (आरएफई) तरी. पावतीवर रुजू झाल्यानंतर अर्ज नामंजूर झाला तर नव्या नोकरीत काम करण्याचा हक्क संपतो आणि जुनी नोकरी आधीच सुटलेली असते. मार्गदर्शिकेत याचा उल्लेखही नाही.

नोकरी गेलेल्यांसाठीचे प्रकरणही असेच आहे. "सेव्हरन्स संपल्यापासून ६० दिवस" असे आपण छापले आहे. नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला मिळणारी ही मुदत नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धावू लागते. तीन महिन्यांचा सेव्हरन्स (नोकरी काढताना कंपनी देते ती रक्कम) एकरकमी मिळाला म्हणून ती पुढे सरकत नाही. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या त्यात धरल्या जातात. आय-९४ (मुक्कामाची शेवटची तारीख दाखवणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर मुदतही तिथेच संपते. नव्या कंपनीचा अर्ज त्या मुदतीत यूएससीआयएसकडे पोचलेला असावा लागतो, नुसता टपालात टाकून भागत नाही. एलसीएचे दिवस आणि कागदपत्रांची जुळवाजुळव धरली तर पस्तिसाव्या दिवसाच्या आत ऑफर हाती हवी, असे माझे मत आहे. ते जमत नसेल तर मुदतीतच आय-५३९ फॉर्म भरून बी-२, म्हणजे पर्यटक म्हणून राहण्यासाठी, अर्ज करता येतो. त्यावर काम मात्र करता येत नाही.

मुक्कामाची तारीख पासपोर्टमधल्या व्हिसा स्टॅम्पवर पाहा, असे आपण सांगता. तो स्टॅम्प फक्त देशात शिरण्यासाठी असतो. मुक्काम आय-९४ ठरवते. पासपोर्ट आधी संपत असेल तर विमानतळावरील अधिकारी आय-९४ वर बहुधा पासपोर्टचीच तारीख टाकतात, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. कंपनी बदलली म्हणून मुंबईत बीकेसीच्या वाणिज्य दूतावासात नव्या स्टॅम्पसाठी धावण्याचीही गरज नाही. जुना स्टॅम्प मुदतीत असेल तर नव्या कंपनीच्या आय-७९७ मंजुरीसोबत तो चालतो.

नव्या एच-१बी अर्जांवरील एक लाख डॉलरच्या शुल्काबद्दल आपण वाचकाला नुसते घाबरवले आहे. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेतील हे शुल्क वैध मुक्कामात, अमेरिकेत राहूनच कंपनी बदलणाऱ्याला लागत नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी यूएससीआयएसने ते स्पष्ट केले. मात्र मुक्काम मोडल्यामुळे मुदतवाढ नाकारली गेली तर ते लागू होऊ शकते. म्हणजे आपली ६० दिवसांची चुकीची मोजणी ग्राहकाला केवढ्यात पडेल, याचा विचार करा. शिवाय कंपनीने भरायचे ७५० किंवा १,५०० डॉलरचे प्रशिक्षण शुल्क उमेदवाराने भरावे, हा आपला सल्ला सरळ बेकायदेशीर आहे.

ग्रीनकार्डची फाइल नव्या कंपनीकडे "वर्ग" होत नाही. पर्म (कामगार खात्याचे प्रमाणपत्र) आणि आय-१४० (कंपनीने करायचा ग्रीनकार्डचा अर्ज) नव्याने करावे लागतात. जुन्या मंजूर आय-१४० ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डच्या रांगेतील तारीख, तेवढी टिकते. मंजुरीला १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी एच-१बीच्या नेहमीच्या सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळते. आय-४८५ (ग्रीनकार्डचा शेवटचा अर्ज) प्रलंबित राहून १८० दिवस झालेल्यांचे नियम वेगळे आहेत. हा फरक सांगितला नाही तर वाचक चुकीच्या महिन्यात राजीनामा देईल.

कागदपत्रांच्या यादीत शेवटच्या तीन पगारपावत्या, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगार-कराचा दाखला), जुने सर्व आय-७९७ आणि आय-९४ आहेत, ते बरोबर आहे. पण महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या तीन वर्षांच्या बी.एस्सी., बी.कॉम. पदव्यांबद्दल एक ओळही नाही. पुढचे शिक्षण नसेल तर अशी पदवी अनेकदा चार वर्षांच्या अमेरिकी पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. कमी पडणाऱ्या एका वर्षासाठी तीन वर्षांचा संबंधित अनुभव दाखवावा लागतो आणि त्यासाठी जुन्या कंपन्यांची, कामाचे तपशील लिहिलेली पत्रे लागतात. भारतातून ती मिळवायला वेळ लागतो, म्हणून हे पहिल्या पानावर हवे. मराठी वाचकाला आपल्याकडून नेमकी हीच माहिती अपेक्षित होती.

माझ्या मागण्या अशा: विक्री तत्काळ थांबवावी, वरील भाग इमिग्रेशन वकिलाकडून तपासून दुरुस्त करावेत, आजवरच्या प्रत्येक ग्राहकाला दुरुस्तीपत्रक ईमेलने पाठवावे आणि माझे शुल्क परत करावे. यातील दुरुस्तीपत्रक सर्वांत आधी जावे, कारण कुणाचे ६० दिवस आत्ताच सुरू असतील. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागेन.

सोबत: खरेदीची पावती व चुकांवर खुणा केलेल्या पानांच्या प्रती.

आपली ग्राहक,
एडिसन, न्यू जर्सी