सही करायच्या आधी हे वाच

प्रिय दिगू,

पत्र पाहून दचकू नको, घरी सगळं बरं आहे. आईचे गुडघे होते तसेच, माझी शुगर गोळीवर. फोनवर हे जमलं नसतं. तू "हो हो, समजलं" म्हणून मोकळा होतोस. आणि गाडी विकायची म्हणून धाकट्याचा फोन तुला येणारच आहे, त्याच्याआधी माझं पोचलं पाहिजे.

आपली गाडी, धवळी, परवा जलालखेड्याच्या पुढं बंद पडून उभी राहिली. मागं आंबिया बहाराचा संत्रा भरलेला, पहाटे नागपूरला कळमन्याच्या बाजारात लिलावात लागायचा. चढावर आचके दिले आणि बंद. हातानं डिझेल चढवायचा हँड प्रायमर दाबला, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, तर नुसता हवेचा फेस. निखळ डिझेल येईपर्यंत दाबत राहिलो, स्क्रू आवळला, सेल मारला, लागली. काटोलच्या अलीकडं पुन्हा तेच. माल पोचला, पण लिलाव उरकत आला होता. मिळेल त्या भावात दिला.

गॅरेजवाल्यानं बॉनेट पुरतं उघडायच्या आधीच निकाल दिला, "मेन पंप गेला भाऊ. उतरवून कॅलिब्रेशनले पाठवा लागते, नाहीतर काढून टाका गाडी." हे नेमकं धाकट्यासमोर. त्याच रात्री ताटावर नवीन गाडी, डाउन पेमेंट आणि हप्ता सुरू झाला.

मला पटेना. हातानं डिझेल चढवलं की गाडी एका सेल्फात लागते, मग इंजिनात डिझेल मारणारा मेन पंप गेला कसा? मोठ्या मिस्त्रीकडे नेली. त्याला आता कमी दिसतं, पण हात तोच आहे. त्यानं डिझेलचा कॅन बॉनेटच्या वर टांगला, टाकीतून डिझेल ओढून पुढं ढकलणारा फीड पंप वगळला आणि कॅनची नळी सरळ फिल्टरला जोडली. डिझेल आपल्या वजनानं खाली उतरू लागलं. एअर काढून गाडी लावली, अ‍ॅक्सिलेटर दाबून धरला, एक आचका नाही! "मेन पंप ठणठणीत हाय. त्याले प्याले भेटत नाही," एवढंच बोलला. मग फीड पंप परत जोडून त्याच्या पुढची नळी सोडली आणि मला सेल मारायला लावला. जिथं ठोक्याठोक्यानं धार उडायला पाहिजे, तिथं नुसतं ओघळत होतं.

टाकीकडून येणारा रबरी पाइपही बदलला. बाहेरून कोरडा ठाक, वाकवला की बारीक भेगा. त्या बाजूनं पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळं भेगेतून गळत काही नाही, हवा मात्र आत शिरते. गाडीखाली डाग शोधत बसलं तर जन्मभर सापडणार नाही.

नवीन फीड पंप मिळाला, पण नळीच्या जोडात बसणारे मापाचे तांब्याचे वायसर दुकानात नव्हते. मिस्त्रीनं जुनेच गॅसवर लाल केले, पाण्यात टाकले, तांबं मऊ पडलं, बसवले. आठवलं ना? वरूडच्या स्टँडवर याच वायसरवरून तू रुसून पायी घरी गेला होतास. एक थेंब ठिबकत नाही हे खरं, पण नवीन ते नवीन, माझं म्हणणं कायम आहे.

सगळा खर्च नव्या गाडीच्या एका हप्त्याहून कमी आला. तरी धाकटा ऐकत नाही. त्याचंही अगदीच खोटं नाही. दर वर्षी फिटनेस आलं. मिस्त्रीचा पोरगा कॉमन रेलच्या नव्या गाड्यांवाला, स्कॅनर लावल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. मोठा मिस्त्री घरी बसला की धवळीचं कोण पाहील, हा घोर मलाही आहे. पण दिगू, फळगळ झाली म्हणून हप्ता थांबत नाही. हप्त्यापायी आपल्या आळीत काय झालं ते तू अन् मी दोघांनी पाहिलं. धाकटा तेव्हा पाळण्यात होता. त्याला मी ते सांगू शकत नाही. सांगायला बसलो की घसा धरतो.

आरसी अजून तुझ्या नावावर आहे. धाकटा तुला गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 कोरे पाठवेल, घेणाऱ्याचा रकाना रिकामा ठेवून. त्यावर सही करू नको. माझं नाव लिही, मग कर. धवळी काढायची वेळ आली तर मीच काढीन, पण गॅरेजवाल्याच्या शब्दावर नाही.

चाकणची नवी शिफ्ट मानवली का? पोरीच्या बारावीचं कळव. वहिनींना नमस्कार. संत्र्याची पेटी ट्रॅव्हल्सनं पाठवतो, स्टँडवर वेळेवर जा.

29 च्या दोन प्रती लागतात, दोन्हीवर सही पाहिजे. आणि ती आधीच्या सहीशी जुळू दे, साहेबासारखी नवीन वळणं नको काढू.

तुझा,
बाळ्या