माईक विकत घेण्याआधी

मिरज

प्रिय मित्रा,

भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगसाठी कुठला माईक घेऊ, असं तू विचारलंस. खरेदी जरा राहू दे. आहे तोच माईक आधी हलवून बघ.

इथे सतारमेकरांकडे तंबोरे रेकॉर्ड करतोय, त्यातून हे मनात पक्कं बसलंय. तंबोरा एकाच जागेवरून वाजत नाही. माईक घोडीजवळ, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, नेला की जवारीची झणझण अंगावर येते, भोपळ्याला चिकटवला की नुसता घुमारा. हात-दीड हात मागे, किंचित दांडीकडे वळवून ठेवला, तेव्हा चारी तारा एकमेकींत मिसळून येऊ लागल्या. तिथून वीतभर सरकवला तरी वाद्य बदलल्यासारखं वाटतं! कारागीर जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर सरकवून कान देतो ना, अगदी तसं.

तुमच्या मंडळात पखवाज आहे. कार्डिऑइड माईक कणीक लावलेल्या बाजूला फार जवळ ठेवलास तर खर्ज फुगेल, कारण असे एका दिशेने ऐकणारे माईक जवळच्या आवाजाचा खर्ज वाढवतात. बुवांच्या गळ्यालाही तेच लागू. चारी बाजूंनी ऐकणाऱ्या ऑम्नी माईकमध्ये हा दोष नसतो, पण तो देवळाचा घुमणारा आवाजही तितकाच घेतो.

कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माईक, खोलीचा घुमारा ओढतो, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. बहुतेक वेळा आपण तो लांब ठेवतो, दोष तिथे असतो. अंतर दुप्पट केलं की गायकाचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, भिंतींचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. पुढे मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांनी १९०५ च्या सुमारास ध्वनिमुद्रिका दिल्या, तेव्हा माईक नव्हताच, आवाज गोळा करणारा कर्णा होता. अंतर गाणाऱ्यालाच सांभाळावं लागे.

दोन माईक लावणार असशील तर एक जप. एकच आवाज दोन्हींकडे ३४ सेंटिमीटरच्या फरकाने पोचला, तर एक मिलिसेकंदाचा उशीर होतो आणि दोन्ही मिसळल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाल्ला जातो. गळा पोकळ लागतो. म्हणून बुवांपासून त्यांचा माईक जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये ठेव.

टाळकऱ्यांना माईकच्या पाठीमागे बसव. कार्डिऑइड तिकडून सर्वांत कमी ऐकतो. एवढं करून एक अभंग दोन-तीन जागांवरून रेकॉर्ड कर आणि मला पाठव. मी हेडफोन लावून ऐकतो, मग वीज न लागणारा डायनॅमिक माईक घ्यायचा की ४८ व्होल्ट लागणारा कंडेन्सर, ते फोनवर ठरवू.

तुझा,
मिरजकर मित्र